बाबा, त्या दिवशी बाळ तुमच्या हातातून का घेतलं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, त्या रविवारी मी बाळाला तुमच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. तुम्ही काही बोलला नाहीत. चष्मा काढून पुसत बसलात आणि मग बराच वेळ आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीत. मी घाबरले होते, तेव्हा धड सांगता आलं नाही. फोनवरही जमेना, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या खालच्या ओठाच्या कडेला फोड आले होते. मोहरीएवढे चार-पाच, पाण्याने भरलेले, एकमेकांना चिकटून बसलेले. आई म्हणाली, ताप येऊन गेला ना, उष्णता बाहेर पडतेय. ताप निमित्त झाला हे आईचं खरं आहे, पण फोड उष्णतेचे नाहीत, विषाणूचे आहेत. हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार १. हे नाव काढल्यावर आई, तुझा चेहरा कसा उतरला ते मी पाहिलं. त्या शब्दाला उगाच लाज चिकटली आहे. ओठावरचा हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्याच कुणीतरी मायेने घेतलेल्या पाप्यातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे तिघांत जवळपास दोघांच्या. त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात कधी फोड येतही नाही. आणि तुला अधूनमधून तोंड येतं, जिभेवर, गालाच्या आत, ते अगदी वेगळं. ते कुणाला लागत नाही.

मलाही हा विषाणू आहे. परीक्षेच्या जागरणात दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्यावर फोड यायचा, आठवतं? मला तो घरातूनच मिळाला असणार. त्याबद्दल माझ्या मनात कणभर राग नाही. लहानपणी घेतलेल्या पाप्यांपैकी एकही मला परत द्यायचा नाही.

तो एकदा अंगात शिरला की जात नाही. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेच्या मुळाशी, कवटीच्या तळाला, महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मनावरचा ताण, कधी दाताचं काम, असं काही झालं की त्याच नसेवरून खाली उतरतो. म्हणून जागा ठरलेली असते. मोठ्या माणसाला त्याचा त्रास आठ-दहा दिवसांचा.

पण बाळ पाच आठवड्यांचं आहे, बाबा. इतक्या लहान जिवाची प्रतिकारशक्ती अजून पुरती तयार झालेली नसते. हाच विषाणू त्याच्या अंगात पसरून यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो, जिवावर बेतू शकतं. असं क्वचित होतं, पण होतं. तुम्ही त्याच्या गालाकडे वाकलात आणि माझा हात आपोआप पुढे आला. खरं तर तुम्ही हात धुऊन, मास्क लावून त्याला मांडीवर घेऊ शकला असतात. हे शांतपणे सांगायचं सोडून मी ओढाओढ केली, त्याबद्दल मला माफ करा. नियम तुमच्या एकट्यासाठी नाही. मला फोड आला तर मीही मास्क लावूनच त्याला पाजणार, पापा घेणार नाही. आणि फोड दिसत नसतानाही लाळेतून विषाणू कधीकधी बाहेर पडतो, म्हणून पहिले काही महिने त्याच्या तोंडाचा पापा कुणीच घ्यायचा नाही असं मी ठरवलंय.

आता उपायाचं. फोड दिसायच्या आधी काही तास, कधी दिवसभर, त्या जागी मुंग्या येतात, खाजतं, चरचरतं. औषधाची वेळ तीच. असायक्लोव्हिरसारखी औषधं विषाणू वाढत असताना त्याची वाढ अडवतात. खपली धरल्यावर मलम लावून फारसं काही साधत नाही. मलम लवकर लावलं तरी फरक साधारण एखाद्या दिवसाचाच पडतो, पण दुखणं तेवढंच कमी. वारंवार यायला लागलं तर डॉक्टर गोळ्या देतात. बाबा, तेव्हा तुमच्या मूत्रपिंडाचे रिपोर्ट सोबत न्या, कारण या गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो. आणि कपाटातली ती जुनी खाजेची ट्यूब कृपा करून ओठाला लावू नका. तिच्यात स्टेरॉइड आहे, त्याने हे बळावू शकतं.

बाकी पथ्य थोडं आहे. गार पाण्याची पट्टी ठेवा, खपली ओढू नका, त्यावर साधं व्हॅसलिन पुरे. उन्हात जाताना ओठांना सनस्क्रीन असलेला बाम लावा. त्या दिवसांत टॉवेल, पेला, रेझर वेगळा ठेवा, आणि जमलं तर दाढीच करू नका, पातं फोडावरून फिरलं की तो पसरतो.

मला खरी काळजी डोळ्यांची वाटते. तुमचे काचबिंदूचे थेंब दिवसातून दोनदा असतात. त्या दिवशी तुम्ही बोटाने फोड चाचपला आणि त्याच बोटाने खालची पापणी ओढून थेंब घातलेत. मी दारात उभी होते. हा विषाणू बुबुळावर गेला तर जखम होते, नजरही कमी होऊ शकते. थेंब घालायच्या आधी साबणाने हात धुवायचेच. आई, तू यावर लक्ष ठेव, ते विसरतात. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. तसंच ओठावरचं काही दोन आठवड्यांत भरलं नाही तर तेही दाखवा. या वयात ते फोडच असेल असं धरून चालायचं नाही.

बाबा, खपली आपणहून पडून खालची कातडी सारखी झाली की मला फोन करा. बाळ आता आवाजाच्या दिशेने मान वळवायला लागलंय. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते फार रडतं, माझ्या खांद्यावर काही केल्या थांबत नाही. ती वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे.

तुमची लेक