विनोबांचा फोटो छापलात, पण खालच्या ओळीबद्दल थोडं बोलायचंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही विनोबांचा पदयात्रेतला जुना फोटो छापलात, बघून खूप बरं वाटलं. पण फोटोखाली 'भूदानाचा फसलेला प्रयोग' असं जे लिहिलंय ते मनाला लागलं, म्हणून हे पत्र. भूदान म्हणजे जमीनवाल्यांकडनं भूमिहीनांसाठी दानात जमीन मागायची विनोबांची चळवळ, त्यात काय फसलं आणि कुणामुळं फसलं हे एका ओळीत उरकण्यासारखं नाहीये.

आमच्या घरी पण एक फोटो आहे. वडील १९५८ साली पंढरपूरला सर्वोदय संमेलनाला, म्हणजे गांधीविचारांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला, गेले होते तिथला. मागं निळ्या शाईत फक्त 'पंढरपूर, १९५८' एवढंच लिहिलंय. विनोबा पुढं चाललेत आणि मागची सगळी माणसं जवळजवळ पळतायत, एका बाईनी पदर दातात धरलाय, एका गड्यानी वहाणा हातात घेतल्यात, आणि कडेला एक पोरगं कंदील घेऊन, चांगलं उजाडलंय तरी कंदील हातातच, काच काजळीनं अर्धी काळी. विनोबा पहाटे तीन-चारला उठून कंदिलाच्या उजेडात चालायला लागायचे, त्यामुळं तो कंदील बघितला की अंधारात किती चाल झाली असंल ते आपोआप कळतं. वडील स्वतः फोटोत नाहीत, ते म्हणायचे मी मागं पडलो, त्या माणसाचा वेग आम्हा तरण्यांना झेपत नव्हता. त्याच पंढरपुरात विनोबा मुसलमान आणि ख्रिश्चन सोबत्यांना घेऊन विठ्ठलाच्या देवळात गेले, हे सांगताना वडिलांचा आवाज बदलायचा.

आणि हा माणूस चालायला लागला तेव्हा वय किती, तर ५५. आपल्याकडं ५५ ला लोक रिटायरमेंटचा हिशोब मांडतात. १९५१ ला वर्ध्याजवळच्या पवनारच्या आपल्या आश्रमातनं हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनाला जायचं होतं तर सुमारे ३०० मैल पायी गेले, आणि तिथून पुढं तेलंगणात शिरले, जिथं तेव्हा जमिनीवरनं माणसं मरत होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलितांच्या ४० घरांनी सांगितलं की आम्हाला ८० एकर मिळाली तर आम्ही पोट भरू. विनोबांनी सभेतच विचारलं, कुणी देणार का? आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून १०० एकर देतो म्हणाले. ८० मागितली, १०० मिळाली! तिथनं पुढं जवळजवळ तेरा वर्षं हा माणूस गावोगाव चालत राहिला, तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, एवढंच मागणं. स्वतःसाठी काही नाही. तेव्हाच्या बिहारात चांडीलला मलेरियानं मरायला टेकले होते, तरी बरं झाल्यावर परत चालायला लागले.

आम्हा वाईकरांना तर याचं विशेष वाटायला पाहिजे आणि तेच पोरांना कुणी सांगत नाही. विनोबा १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातनं वर्षाची रजा काढून इथं वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडं उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकायला आले होते. विद्यार्थ्यांच्या वाचनालयाला पैसे हवेत म्हणून जात्यावर दळण दळायचे, दोन शेराला एक पैसा. आणि त्याच वर्षात महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी फिरले, सिंहगड, तोरणा असे किल्ले बघितले, हे त्यांनी गांधीजींना पत्रातनं कळवलेलंय. म्हणजे भूदानाच्या आधी तेहेतीस-चौतीस वर्षं हे पाय आपल्या भागातल्या डोंगरात तयार झाले होते असं मी तर म्हणेन.

आता फसलं का, ते बोलू. पाच कोटी एकरचं उद्दिष्ट होतं, ४० लाखांच्या वर मिळाली. त्यातलीही बरीच खडकाळ, काही भांडणातली, काही नुसती कागदावरची, हे सगळं खरंय, मी नाकारत नाही. दानपत्रावर सही झाली पण मोजणी झाली नाही, ज्याला द्यायची त्याचं नाव लागलं नाही, देणारा वारला की पोरांनी परत नांगर घातला. आणि ज्या भूमिहीनाला खरंच जमीन मिळाली त्याच्याकडं बैल नाही, बियाणं नाही, विहीर नाही, मग तो त्या जमिनीचं करणार काय? पण मला सांगा, यात चालणाऱ्याचं काय चुकलं? त्याचं काम मागायचं होतं, ते त्यानी पाय झिजेपर्यंत केलं. मागं टेबलाशी बसून कागद पुरा करायचं काम ज्यांच्याकडं होतं त्यांनी ते अर्धवट टाकलं, आणि नापास मात्र चालणाऱ्याला केलं. हे मला पटत नाही, आणि फोटोखाली एवढं तरी यायला हवं होतं.

म्हणून एक विनंती आहे. नुसता फोटो छापून थांबू नका. सातारा-सांगली भागात भूदानात कुणी जमीन दिली होती, ती आज कुणाच्या नावावर आहे, कोण कसतंय, हे तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना गावोगाव विचारायला सांगा. जुनी दानपत्रं कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत असणारच, आणि देणाऱ्यांची मुलं आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळं हे पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं काम नाही. ज्यांनी खरंच दिली आणि पाळली त्यांची नावं छापा. वाचकांनाही सांगा, घरातल्या अशा फोटोंच्या मागं गाव, साल आणि ओळखू येणाऱ्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा, आमच्या वडिलांनी नावं लिहिली नाहीत आणि आता विचारायला कुणी राहिलं नाही.

आमच्या फोटोची कॉपी सोबत जोडलीय. छापलात तर त्यातलं कुणी ओळखीचं असल्यास वाचकांनी तुमच्या ऑफिसला कळवावं असं खाली टाका. कॉपी परत पाठवायची गरज नाही.

आपला एक नियमित वाचक,
वाई, जि. सातारा