वरच्या शेतातल्या घराबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा अर्ध्यातच "बरं, ठेवतो" म्हणाले असते. वरच्या शेतात घर बांधायला घेतलंय. जोतं वर आलंय, तेव्हा आता माघार नाही. भिंती दगड-मातीच्या आहेत. बाबा, कागद खाली ठेवू नका, पुढं वाचा.

३० सप्टेंबर १९९३चा भूकंप मी विसरलेली नाही. पण इंजिनिअरकडून नीट समजून घेतलं. तेव्हाच्या भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेलेच नव्हते, मधे नुसती भरती. वर माती टाकून टाकून जड झालेलं माळवद. भिंती फुटल्या आणि ते झोपलेल्यांवर आलं. आपल्या दीड फुटी भिंतीत दर २ फूट उंचीला, ४ फुटांच्या आत एकेक आरपार दगड घालायचाय. जोत्यावर, दारं-खिडक्यांवर, छपराखाली सळ्यांचा काँक्रीट पट्टा. माळवद नाही म्हणजे नाही, जुनी कौलं घेतलीत. पत्राही नको. भूकंपानंतरच्या शेडमध्ये पत्र्यावर पाऊस वाजला की मी बाबांच्या बनियनचं टोक धरून झोपायचे, आठवतंय ना?

दारं औशातल्या पाडलेल्या वाड्याची, अस्सल सागवान. चौकट खरवडली तर आधी हिरवा रंग, मग निळा, मग पिवळा, आणि मग कुठं लाकूड! आई, संडास-बाथरूम घरातच, कमोडसुद्धा. सोलरचं गरम पाणी, ओटा तुझ्या उंचीचा, उंबरे काढलेत. विंचवांची काळजी नको, बाहेरून दगडांमधल्या फटी चुन्यानं भरणार आहोत.

एक राहिलं. दगड जुन्या गावठाणातल्या आपल्या घराचे आहेत. सगळे नाहीत, देवघराकडच्या बाजूचेच. आत्याच्या खोलीला कुणाला हात लावू दिला नाही. बाबा, तुम्हाला पाहवणार नसेल तर आतून गिलावा करून घेते, एकही दगड दिसणार नाही. तसं फक्त सांगा. रागावून गप्प बसू नका.

दिवाळीनंतर गाडी पाठवते, एसटीनं यायचं नाही. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढं ढकलायचं नाही, तारीख कळवा, मी येते. आणि आई, माळ्यावरचा तांब्याचा बंब भंगारवाल्याला देऊ नकोस. मला हवाय.

तुमची,
छोटी