सहीआधी दोन प्रश्न

शहापूर, बेळगाव

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कंपनीत पैसा घालू पाहणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फर्मची टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, तू पाठवलास तो दोनदा वाचला. सोसायटीत कर्जाच्या फायली तपासण्यात माझा जन्म गेला. रकमेकडे मी शेवटी बघतो. आधी पैसा कुणाचा आणि परत कधी मागणार, ते.

नव्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या या मोठ्या फर्मांचा पैसा बहुतांशी दुसऱ्यांचा. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत घराणी यांच्याकडून साधारण 10 वर्षांच्या मुदतीने गोळा केलेला. सांभाळणारे पार्टनर वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास फी घेतात, वर नफ्यात 20 टक्के. 1,000 कोटींच्या फंडाला वर्षाला 20 कोटी फी झाली, तुमच्या कंपन्या चालोत न चालोत.

निपाणीत तंबाखूवर उचल देणारा व्यापारी प्रत्येक शेतकऱ्याकडून वसुली व्हावी म्हणून धडपडायचा. इथं उलट. बऱ्याचशा कंपन्या बुडणार हे धरूनच चालतात, एखादी शंभरपट वाढली की सगळं भरून निघतं. उद्यमबागेत 40 माणसं पोसणारा फौंड्रीवाला आपल्या दृष्टीनं जिंकलेला. त्यांच्या वहीत त्याला जागाच नाही. तुला भराभर वाढायला सांगतील ते या हिशेबापायी, तुझ्या भल्यासाठीच असं नाही.

आता कलम बघ, प्राधान्य परताव्याचं. समज, त्यांनी 20 कोटी घालून कंपनीचा 20 टक्के हिस्सा घेतला आणि कंपनी 30 कोटींना विकली गेली. तुला वाटेल, त्यांचे 6 कोटी. पण तुझ्या कागदात 'पार्टिसिपेटिंग' लिहिलंय. म्हणजे आधी 20 कोटी उचलणार, मग उरलेल्या 10 मधले 2. त्यांचे 22, तुम्हा बाकी सगळ्यांचे मिळून 8. तो शब्द काढायला लाव. मग मूळ रक्कम किंवा हिस्सा, दोन्हींतलं एकच घेता येतं. काढल्यावरही अशा विक्रीत ते 20 घेतीलच, पण मोठ्या विक्रीत दुहेरी हात मारता येणार नाही.

त्यांचं वजन पैशापेक्षा ओळखींत जास्त, हे मी मान्य करतो. अँड्रीसन हॉरोविट्झ या अमेरिकी फर्मनं 2009 पासून हॉलिवूडच्या कलाकार-एजन्सीचा कित्ता गिरवला. माणसं मिळवून देणं, प्रसिद्धी, बडी गिऱ्हाईकं यासाठी वेगळी फौज ठेवली. पण तेच वजन उलटंही पडतं. मार्च 2023 मध्ये अशा नव्या कंपन्यांचे पैसे सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचा रोख्यांतला तोटा बाहेर आला, काही फर्मांनी आपापल्या कंपन्यांना पैसे काढायला सांगितलं, आणि 9 तारखेला एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायच्या मागण्या आल्या. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं.

पाटीवरच्या नावाला भुलू नकोस. सिकोयासारख्या नामांकित फर्मनंही 2023 मध्ये तीन वाटण्या जाहीर केल्या, इथली शाखा पीक फिफ्टीन झाली. तुझ्याशी गोड बोलणारा मुलगा असोसिएट, म्हणजे खालच्या पायरीवरचा आहे, निर्णय पार्टनरांच्या बैठकीत होतो. तिथं तुझी बाजू लावून धरणारा बहुधा एकच असतो, तो सोडून गेला की तुझ्या कंपनीला वाली नाही.

तेव्हा सोमवारी दोनच गोष्टी विचार: या फंडाचं कितवं वर्ष चालू आहे, आणि बोर्डावर नेमकं कोण बसणार? सातवं-आठवं म्हणाले तर पैसा परत करायची मुदत जवळ आली, ते विक्रीची घाई करतील; तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. फी मी भरतो. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तू सांग.

तुझे बाबा