त्या रुमालाबद्दल, आप्पा

लंडन
रविवार, रात्री

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं नेहमीचं वाक्य ऐकलं आणि गप्प बसले. मी बोलायला लागले असते तर आईच्या वाट्याला फोन आलाच नसता. "उभा जन्म लढाईत काढलेला सेनापती, आणि एका हातरुमालापायी बायकोचा जीव घेतो? छे!" शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा विषय निघाला की तुम्ही हेच म्हणता. तेव्हा आता कागदावर भांडते, म्हणजे मधे तोडता येणार नाही.

आधी तुमच्या बाजूचा साक्षीदार देते. टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने १६९३ मध्ये शोकांतिकेवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात या नाटकाची यथेच्छ टर उडवली. याला सरळ रुमालाची शोकांतिकाच का म्हणू नये, असं विचारलं. आणि नाटकाचा बोध काय, तर घरंदाज बायकांनी आपले कपडेलत्ते नीट सांभाळावेत! तुमची आणि त्याची छान जमली असती.

पण परवा इथे एका लहानशा थिएटरात मी ते नाटक पुन्हा पाहिलं, आणि माझी खात्री झाली की तुम्ही दोघंही चुकीच्या वस्तूवर डोळा ठेवून बसला आहात. रुमाल कामाला लागतो तोवर ऑथेल्लो संपलेला असतो. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश आठवा. त्याचं डोकं दुखतंय म्हणून त्याची बायको डेस्डेमोना कपाळाला रुमाल बांधायला जाते. हा फार लहान आहे म्हणून तो झिडकारतो, रुमाल खाली पडतो. त्याने तिला दिलेली ही पहिली भेट. "राहू दे तो" म्हणत तो तिला घेऊन आत निघून जातो. परवाच्या नटाने खाली पाहिलंसुद्धा नाही. ज्याला पुढे त्या रुमालावरून खून चढणार आहे, त्याला तो पायाशी पडलेला दिसत नाही. तेव्हा तो आधीच कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीने घायाळ झाला आहे, नाही का?

ती गोष्ट त्याच प्रवेशात, थोडी आधी, आपल्यादेखत घडते. ऑथेल्लोचा नायब कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून घाईघाईने सटकतो. दारूच्या नशेत मारामारी करून नोकरी घालवलेली, त्यामुळे साहेबांपुढे उभं राहण्याची लाज. ऑथेल्लोचा निशाणदार इयागो पुटपुटतो, "हं, हे काही मला बरं दिसलं नाही." काय म्हणालास? "काही नाही." मग सहज म्हणून एक प्रश्न: तुमचं लग्न जमत होतं तेव्हा कॅसिओला ठाऊक होतं का हो? होतं ना, आमच्यामध्ये निरोप्या तोच होता. "अस्सं?" एवढंच. त्या "अस्सं"चा अर्थ काय, हे विचारून ऑथेल्लो थकतो आणि इयागो सांगायचं नाकारत राहतो. जितका नाकारतो तितका याचा हट्ट वाढतो. वर इयागोच त्याला बजावतो की मत्सरापासून जपा, तो हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे. आग लावणाऱ्यानेच "विस्तव सांभाळा हो" म्हणत घरभर फिरावं, तसा हा फिरतो. आणि लक्षात घ्या, इथवर त्याने कॅसिओ आणि डेस्डेमोनाबद्दल एकही खोटी हकीकत सांगितलेली नाही.

आणि मग तो म्हणतो, आमच्या मुलखाची रीत मला चांगली ठाऊक आहे. व्हेनिसच्या बायका जे नवऱ्याला दाखवायला धजत नाहीत, ते देवाला खुशाल दिसू देतात.

यावर ऑथेल्लो काय उत्तर देतो? "असं म्हणतोस?" बस्स. तुर्कांच्या आरमाराला सामोरा जाणारा माणूस, भर सभेत सासऱ्याच्या आरोपांना शांतपणे उत्तर देऊन व्हेनिसच्या ड्यूकला जिंकणारा माणूस, इथे दोन शब्दांत मोडतो. आप्पा, मला इथे रुमाल आठवतही नव्हता.

कारण हा माणूस तिथला नाही, मूर आहे, आफ्रिकेकडचा काळा. पहिल्या अंकात त्याने स्वतःच सांगितलंय की सात वर्षांचा असल्यापासून त्याचं आयुष्य छावणीत गेलं, शहरी संसारात येऊन त्याला जेमतेम नऊ महिने झालेत. व्हेनिसला त्याची तलवार हवी आहे. सासरा ब्रॅबान्शिओ त्याला घरी बोलावून लढायांच्या गोष्टी ऐकतो, पण मुलीने त्याच्याशी लग्न केल्याचं कळताच त्याच पाहुण्यावर जादूटोण्याचा आरोप करतो. अशा माणसाला एखाद्या स्थानिकाने, तेही ज्याला सगळं गाव प्रामाणिक म्हणतं अशाने, "इथल्या बायका अशाच" असं सांगितलं, तर तो कुठे जाऊन ताडून पाहणार? मलाच बघा. ऑफिसात कुणी "इथे असं नसतं" म्हटलं की मी मान डोलावते. कधी ते खरं असतं, कधी त्या माणसाची सोय असते. फरक कळायला त्या मातीत वाढावं लागतं, आणि मी वाढले नाही. तुम्हाला हे वाक्य आवडणार नाही, पण नाटक पाहताना मला ऑथेल्लोची चीड आली नाही, त्याची बाजू आतून समजली. डेस्डेमोनाच्या मरणाची किंमत त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

एकदा हा पाया घातला की इयागोला पुढचं सोपं जातं. मुलगी गेल्यावर संतापलेल्या ब्रॅबान्शिओने भर सभेत म्हटलं होतं, डोळे असतील तर तिच्यावर नजर ठेव, तिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. तेव्हा ऑथेल्लो म्हणाला होता, तिच्या निष्ठेवर माझा प्राण लावतो. इयागो ते वाक्य जपून ठेवतो आणि वेळेवर काढतो. मग म्हणतो, आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या तोलाची स्थळं नाकारली, हे जरा विपरीतच नाही का? पुढचं ऑथेल्लो स्वतःच पूर्ण करतो. मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलणं येत नाही, वयही उतरणीला लागलंय. परवा प्रेक्षागृहात या ओळीला कुणी खोकललंसुद्धा नाही.

डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे, म्हणून त्याने इयागोचा गळा धरला तेव्हा पुरावा काय मिळतो? एक स्वप्न! मी कॅसिओशेजारी झोपलो होतो, दाढ दुखत होती म्हणून डोळा लागला नव्हता, तो झोपेत तिचं नाव घेत होता. शेक्सपिअरच्या या दाढदुखीला मी मनातल्या मनात दाद दिली. खोट्यात असा एक फुकटचा तपशील घातला की ते खरं वाटायला लागतं.

इयागो हे का करतो, यावर इथे लोक दोन शतकं वाद घालताहेत. कवी आणि टीकाकार कोलरिजने म्हटलं की त्याचा दुष्टावा निर्हेतुक आहे आणि तो मागाहून हेतू शोधत बसतो. मला हे अर्धंच पटतं. बढती कॅसिओला मिळाली, हा राग आहेच. पण पहिल्या अंकाच्या शेवटच्या स्वगतात तो म्हणतो की ऑथेल्लो आणि माझ्या बायकोबद्दल लोक कुजबुजतात, खरं आहे की नाही ठाऊक नाही, पण मी ते खरंच धरून चालणार. म्हणजे नाटकातला पहिला मत्सरी नवरा इयागो. पुराव्यावाचून विश्वास ठेवायचा प्रयोग त्याने आधी स्वतःवर केलाय, मग दुसऱ्यावर.

आता रुमालाकडे येते, नाहीतर तुम्ही म्हणाल टाळलं. रुमालापाशी मला वेगळंच दिसलं: खोटं सगळेच बोलतात. इयागोची बायको एमिलिया रुमाल उचलते, कारण नवऱ्याने कितीदा तरी मागितलेला. पुढे डेस्डेमोना तो शोधते, कुठे पडला असेल गं, विचारते, आणि एमिलिया म्हणते, "मला नाही ठाऊक, बाईसाहेब." नवरा विचारतो तेव्हा डेस्डेमोना घाबरून म्हणते, हरवलेला नाही. ऑथेल्लो तिला दरडावतो की तो जादूचा आहे, इजिप्तच्या एका चेटकिणीने माझ्या आईला दिला होता. शेवटच्या अंकात तोच म्हणतो, वडिलांनी आईला दिला होता. माझा दाट संशय आहे की जादूची कथा त्याने तिथल्या तिथे रचली. सगळी लहान लहान, भीतीपोटी बोललेली खोटी. इयागोने फक्त त्यांना एकत्र शिवलं.

मूळ गोष्ट जिराल्दी चिंतिओ या इटालियन लेखकाची, १५६५ सालची. तिच्यात कपटी निशाणदाराला नावच नाही. तो आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन जातो, डिस्डेमोना लेकराला उचलून घेते आणि तेवढ्यात हा रुमाल लांबवतो. त्याच्या बायकोला सगळं ठाऊक असतं, पण नवऱ्याच्या धाकाने ती तोंड उघडत नाही. शेक्सपिअरने लेकरू काढून टाकलं आणि रुमाल बायकोच्या हातात दिला. माझ्या मते सबंध नाटकातला हा सर्वांत हुशार बदल. कारण ज्या बाईच्या हातून नकळत घात होतो, तीच शेवटी बोलते. इयागो तिला गप्प बस म्हणतो, घरी जा म्हणतो. ती म्हणते, नवऱ्याचं ऐकणं रास्त आहे, पण आत्ता नाही. आणि बोलते, आणि त्याच्याच तलवारीने मरते. परवाची एमिलिया करणारी नटी मध्यमवयीन, जाडसर, आवाजाला थोडी घोगरी होती. टाळ्या तिला मिळाल्या, ऑथेल्लोला नाही.

डेस्डेमोनाचं शेवटचं वाक्यही खोटंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं? कुणी केलं हे, असं एमिलिया विचारते. "कुणी नाही, मीच." गळा दाबलेली बाई नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते, आणि तो तेच वाक्य पकडून तिला खोटारडी ठरवतो. मग लगेच म्हणतो, मीच मारलं तिला.

१६१० साली राजाची नाटक कंपनी हे नाटक घेऊन ऑक्सफर्डला गेली होती. तिथल्या एका विद्वानाने लॅटिनमध्ये लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. तो म्हणतो, डेस्डेमोनाने काम उत्तम केलंच, पण मेल्यावर, बिछान्यावर पडलेली असताना, नुसत्या चेहऱ्याने तिने प्रेक्षकांची करुणा मागितली. गंमत म्हणजे ती डेस्डेमोना पुरुषच होती. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाईने काम केलं ते डिसेंबर १६६० मध्ये, आणि तेही याच भूमिकेत. गोष्ट काळ्या सेनापतीची, पण काळ्या नटाची लंडनमधल्या मोठ्या थिएटरात वर्णी लागायला १८३३ उजाडावं लागलं. आयरा ऑल्ड्रिज कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो झाला आणि काही वर्तमानपत्रांनी इतकी गरळ ओकली की दोन प्रयोगांतच ते थांबलं. युरोपात मात्र पुढे त्याने नाव कमावलं.

आता शेवटचं भाषण. ऑथेल्लो म्हणतो, एकदा अलेप्पोमध्ये एका तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, राज्याची निंदा केली, तेव्हा मी त्या कुत्र्याचा गळा धरला आणि असा भोसकला. "असा" म्हणताना तो स्वतःला भोसकतो. व्हेनिसचा रक्षक तोच आणि व्हेनिसने मारायचा परका तोच. रुमालाच्या शोकांतिकेत हे भाषण कुठे बसतं, हे रायमरने सांगावं, नाहीतर तुम्ही.

एक काम आहे तुमच्याकडे. देवलांनी १८९० मध्ये यावरून 'झुंझारराव' केलं. व्हेनिस गेलं, मूर गेला, नावं आपली झाली. मग "आमच्या मुलखाची रीत मला ठाऊक आहे" या वाक्याचं देवलांनी काय केलं? झुंझाररावाला परका कोणत्या कारणाने ठरवलं, आणि त्यांचा इयागो, जाधवराव, त्या जागी काय बोलतो? तुमच्या कपाटात जुनी प्रत आहे, आई फेकू देत नाही ती. तिसरा अंक काढून तो संवाद मला उतरवून पाठवा, फोनवर वाचून दाखवू नका, आवाज तुटतो.

तब्येत ठीक आहे. आईला सांगा, पुढचं पत्र तिला, आणि त्यात नाटक नाही.

तुमची,
मनू