कॅम्पबेलसाहेबाचं गॅझेटियर: बाबांच्या वसईच्या टिपणासाठी

ग्लासगो, रविवार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या टिपणाचा कच्चा खर्डा वाचला. त्यात चार ठिकाणी ‘गॅझेटियरकार म्हणतात’ असं आहे (गॅझेटियर म्हणजे इंग्रजी अमलातले जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ). हे गॅझेटियरकार कोण आणि त्यांचं नेमकं काय घ्यायचं, काय सोडायचं, एवढंच या पत्रात लिहिते. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत.

जेम्स मॅक्नॅब कॅम्पबेल. जन्म १८४६, पार्टिक. हे गाव तेव्हा ग्लासगोला लागून पण वेगळं होतं, आता शहरातच मिसळलंय. वडील जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल हे धर्मशास्त्रातलं मोठं आणि वादग्रस्त नाव. मुलगा ग्लासगो विद्यापीठातून बाहेर पडला, सनदी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८६९ मध्ये मुंबई इलाख्यात आला. चारेक वर्षं असिस्टंट कलेक्टरकी केली आणि १८७३ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इलाख्याचं गॅझेटियर तयार करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. सगळ्यांत आधी दुसऱ्या क्रमांकाचा खंड (सुरत आणि भडोच) १८७७ ला निघाला. ठाण्याचे १८८२ चे, नाशिक १८८३, पुणे आणि सातारा १८८५. एकूण २७ खंड. सत्ताविसावा म्हणजे सूची. ती एन्थोव्हेन या सनदी अधिकाऱ्याने केली आणि १९०४ मध्ये छापली गेली. कॅम्पबेल १९०३ मध्येच वारला, त्यामुळे स्वतःच्या कामाची सूची त्याने छापलेली पाहिली नाही.

आता मुद्द्याचं. ‘कॅम्पबेल म्हणतो’ असं लिहाल तिथे बहुतेक वेळा तो काहीच म्हणत नसतो. मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही, ‘सरकारी हुकमावरून’ एवढंच आहे. नाव सापडतं ते आत प्रस्तावनेखाली, आणि तेही ‘संकलक’ म्हणून. मजकूर कलेक्टर, जंगलखातं, पोलीस, बांधकामखातं यांच्याकडून आणि जाणकार देशी मंडळींकडून आलेला. त्याचं कसब काय विचारायचं हे ठरवण्यात आणि आलेलं छाटून एका साच्यात बसवण्यात. साचा चौदा प्रकरणांचा: भूवर्णन, उत्पन्न, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, जमाखर्च, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि शेवटी प्रेक्षणीय स्थळं. जिल्हा कोणताही असो, क्रम हाच. एकदा अंगवळणी पडला की सूची न उघडताही वस्तू सापडते. कुणी काय पाठवलं ते तळटिपांत असतं, म्हणून टिपण करताना तळटीप आधी वाचा. वसईच्या पोर्तुगीज काळासाठी वारंवार डॉ. गर्सन दा कुन्हा यांचा आधार दिसेल. ते मूळचे गोव्याचे, मुंबईतले डॉक्टर. त्यांचं चौल-वसईवरचं पुस्तक १८७६ चं. तो मजकूर त्यांच्या नावावर टाका.

ठाण्यासाठी तीन पुस्तकं हाताशी घ्या: तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदावा खंड. चौदावा निव्वळ स्थळांचा, रोमन वर्णक्रमाने. वसई ‘व’मध्ये शोधू नका, ‘बेसीन’ म्हणून ‘बी’मध्ये आहे. आगाशी, निर्मळ, सोपारा आपापल्या जागी. प्रत्येक नोंदीची सुरुवात ठरलेली: अक्षांश-रेखांश, तालुक्याच्या ठिकाणापासून मैल आणि दिशा, जवळचं स्टेशन, मग वस्ती. तेवढ्यावरून नोंद आपल्याच गावाची की त्याच नावाच्या दुसऱ्या गावाची, हे लगेच कळतं.

मोबाइलवर शोध घालून काही सापडत नाही अशी तुमची तक्रार होती. दोष तुमचा नाही. त्या छपाईत दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ अक्षरावर तिरकी रेघ असते. स्कॅन वाचणारं यंत्र तिला ‘डी’ किंवा सहाचा आकडा समजतं. म्हणून नावातला ‘आ’ वगळून उरलेला तुकडाच टाइप करा. शिवाय ‘व’साठी तिथे सहसा ‘व्ही’ असतो, ‘डब्ल्यू’ नाही. सासवड, सावंतवाडी दोन्ही तशीच. एवढं करूनही मिळालं नाही तर सरळ पानं उलटा. राज्य सरकारच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटियर) विभागाने जुन्या खंडांचं पुनर्मुद्रण केलंय. छापील प्रत वाचनालयात मिळाली तर डोळ्यांनाही बरं.

आकड्यांत तीन खड्डे. एक, पैसे पौंडांत देऊन कंसात रुपये दिलेले असतात आणि हिशेब सरसकट एका पौंडाला दहा रुपये. चांदी उतरल्यामुळे त्या सुमारास खरा भाव बारा रुपयांच्या आसपास होता. म्हणून फक्त कंसातले रुपये उचला. दुसरा, लोकसंख्या कुठे १८७२ च्या शिरगणतीची, कुठे १८८१ ची. साल सोडून आकडा लिहू नका. तिसरा, जिल्ह्याची हद्द. तेव्हाच्या ठाण्यात साष्टी होती, म्हणजे वांद्रे-अंधेरीसुद्धा. जिल्ह्याच्या एकूण आकड्याची आजच्या ठाण्याशी तुलना केलीत की गणित फसलं.

जातींच्या वर्णनाबद्दल माझं मत कडक आहे. घर, कपडे, जेवण, लग्नाचा खर्च, मर्तिकाचे विधी हा तपशील सोन्यासारखा, तो घ्या. पण सुरुवातीला अख्ख्या जातीला ‘कष्टाळू’, ‘काटकसरी’, ‘घाणेरडे’ अशी जी विशेषणं चिकटवलेली आहेत ती एका ओळीचीही नक्कल करू नका. कुणाच्या तरी कचेरीतला तो शेरा आहे.

सोपाऱ्याबाबत मात्र कॅम्पबेल स्वतः जागेवर होता. एप्रिल १८८२ मध्ये बुरुड राजाच्या कोटाचं टेकाड (म्हणजे जुना बौद्ध स्तूप) पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणलं, तेव्हा कॅम्पबेल सोबत होता. आत दगडी पेटी. पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडक, म्हणजे झाकणाची डबी, आणि भोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या जपल्या असाव्यात असा पंडितजींचा कयास. तुम्ही खर्ड्यात ‘कॅम्पबेलने स्तूप शोधला’ लिहिलंय ते खोडा. जुनागढच्या पंडितजींना इंग्रजी फारसं येत नसे; इंग्रजी लिखाणाला कॅम्पबेलचा हात लागायचा, शोध पंडितजींचा. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा सोपाऱ्याचा तुकडाही त्याच वर्षी त्यांनाच मिळाला. नववा १९५६ मध्ये भुईगावला सापडला, तो अर्थातच जुन्या गॅझेटियरमध्ये नसणार.

कॅम्पबेलची पुढची कारकीर्द दोन ओळींत उरका. १८९७ मध्ये ‘सर’ झाला, जनरल गॅटेकरनंतर मुंबईच्या प्लेग समितीचा अध्यक्ष झाला, आणि ९ मार्च १८९८ चा प्लेगविरोधी दंगा त्याच्याच काळात झाला. एशियाटिक सोसायटीचं एक पदक त्याच्या नावाने आहे.

आई, निर्मळच्या नोंदीत जत्रेचा उल्लेख शोध. तिथे दिलेली तिथी आणि तू लहानपणापासून पाहिलेली तिथी ताडून बघ. फरक निघाला तर बाबांना तळटिपेत तुझं म्हणणं घालायला लाव, गॅझेटियरचं वर आणि तुझं खाली. सोपाऱ्याची पानं मोठ्या अक्षरांत छापून पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवते.

तुमची
मनू