प्रयोगशाळेत तंबोरा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या भागात सगळ्यांनाच आनंद झाला. सतारमेकरांच्या कितीतरी पिढ्यांच्या कष्टांची ती पावती होती. त्याच जोडीने भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका म्हणून माझी एक मागणी आहे: कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकेक तंबोरा ठेवावा.

बारावीला स्थिर तरंग शिकवतात. तारेवरून निघालेली लहर बांधलेल्या टोकाशी पोचते, उलटी होऊन मागे फिरते, जाणारी आणि परतणारी एकमेकींत मिसळतात आणि तार ठरावीक तुकड्यांतच थरथरू लागते. एक, दोन, तीन, चार तुकडे. अडीच कधीच नाहीत. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे हार्मोनिक त्यातूनच येतात. फळ्यावर हे दहा मिनिटांत उरकते. मी नोकरीला होते तिथे सोनोमीटर, म्हणजे ताणलेल्या तारेच्या कंपनांचे प्रयोग करायची पेटी, वर्षातून दोनदा कपाटाबाहेर निघायचा आणि बरीच मुले रीडिंग आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून काढायची. मीही ते बरीच वर्षे चालू दिले, याची खंत आजही वाटते.

एका वर्षी घरचा तंबोरा वर्गात नेला. टेबलावर आडवा ठेवला, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत दोरीने अंतर मोजले आणि दोरीची तीन पदरी घडी घातली. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेवर बरोबर तिसऱ्या हिश्श्यावर करंगळी अलगद टेकवली, तार छेडली आणि लगेच बोट उचलले. खर्जाऐवजी मध्य सप्तकातला पंचम वाजला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, बोट तिथे आहे, तर पलीकडची लांब तार वेगळा सूर का देत नाही?" मग कागदाच्या दोन चिमुकल्या घड्या केल्या. एक तारेच्या मधोमध अडकवली, दुसरी दोन तृतीयांशावर. पुन्हा तसेच छेडले. मधोमधची घडी उडून खाली पडली, दुसरी जागची हलली नाही. लांब भाग आपणहून दोन सारख्या तुकड्यांत वाटला गेला होता आणि त्यांच्या सांध्यावर तार स्तब्ध होती. वहीत ठिपक्याने दाखवलेला नोड मुलांनी त्या दिवशी पाहिला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

गाणाऱ्यांना तर याहून पुढचे ठाऊक असते. खर्ज नीट लागला आणि जवारी, म्हणजे घोडीमुळे तारेला येणारा झणकार, खुलली की कुणीच न छेडलेला गंधार ऐकू येतो. हा पाचवा हार्मोनिक. खर्ज १२० हर्ट्झचा धरला तर तो ६०० हर्ट्झचा. पेटीचे सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत बेतलेले असल्याने तिच्यावर तोच गंधार सुमारे ६०५ हर्ट्झचा येतो. दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे कानाला जाणवतात. बीट्स त्याच प्रकरणात शिकवतात, त्यांच्यासाठी वेगळे उदाहरण शोधायला नको.

मला सर्वांत मोलाची वाटते ती घोडी. तार जिथे छेडावी तिथे ज्या हार्मोनिकचा नोड येतो तो हार्मोनिक उमटत नाही, असा नियम आहे. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात काम करताना १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. जे हार्मोनिक गप्प बसायला हवेत ते ठणठणीत वाजतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता-गोलसर असतो. हलणारी तार त्याला लागत-सुटत राहते, त्यामुळे लहर जिथून परतते ती जागाच प्रत्येक कंपनात मागेपुढे सरकते आणि वरच्या हार्मोनिकना जोर मिळत राहतो. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला की आवाज मिटतो किंवा उमलतो. मिरजेचे कारागीर घोडी घासत, पुन्हापुन्हा तार छेडून बघत, ही जागा नुसत्या कानाने शोधतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते काम एकदा तरी जवळ बसून पाहावे.

मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज होतो, पण त्याच्या तारेवर करंगळी टेकवता येत नाही.

खर्चाची अडचण पुढे येईल. नवा तंबोरा महाग असतो, हे खरे. पण भोपळा तडकलेले, खुंट्या सैल झालेले तंबोरे कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत आणि या प्रयोगाला एक तार धड लागली तरी भागते. सोनोमीटर राहू द्यावा. प्रात्यक्षिकांच्या यादीत हा प्रयोगही घालावा आणि त्याला गुण ठेवावेत. गुण नसले की प्रयोग होत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

माझा तंबोरा मी जवळपासच्या कोणत्याही महाविद्यालयाला द्यायला तयार आहे. घोडी झिजली आहे, मिरजेत नेऊन जवारी काढून घ्यावी लागेल. तो खर्च मी करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा