लॅपटॉपला वाचा देणाऱ्या अनोळखी मंडळींचे आभार

उबंटू ही लिनक्सवर चालणारी संगणकप्रणाली टाकल्यापासून लॅपटॉपची वाचाच बसली होती. हेडफोन लावला की गाणं ऐकू यायचं, काढला की शुकशुकाट. आवाज कमी-जास्त करायच्या अल्सामिक्सरमध्ये सगळ्या पट्ट्या वरपर्यंत, म्यूट कुठेच नाही. दुरुस्तीवाला तर स्पीकरच बदलायला निघाला होता!

खरी गोम वेगळीच. स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जागं करायची रीत मॉडेलगणिक बदलते, आणि कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, रियलटेक साउंड चिपच्या ड्रायव्हरच्या यादीत माझं मॉडेलच नव्हतं. कर्नलवर काम करणाऱ्या तुम्हा मंडळींपैकी कुणीतरी खटपट करून तिथे एक ओळ घातलीत, कुणी ती तपासलीत. मी फक्त कर्नल अपडेट केलं, आणि स्पीकर खणखणीत वाजले. तुम्ही कोण, कुठले, ठाऊक नाही. पण मनापासून आभार! आवाज जरा पत्र्याचा येतो, तो मात्र स्पीकरचाच गुण.